बावीस ते बत्तीस

भाऊ पाण्याखाली असेपर्यंत ताई स्वतः पाण्याचा घोटही घेत नसे. हा नेम तिला कुणी घालून दिला नव्हता. दोर पहिल्यांदा हातात आला त्या दिवशी तिच्या मनात आलं आणि तिनं हा नेम धरला, इतकंच. नेम लहानसा होता, पण तो पाळला की मन जरा स्थिर राहायचं. भावाला हे कळलं तेव्हा तो पोट धरधरून हसला होता. "मी खाली तुझ्या वाटचंसुद्धा पितो, काळजी करू नकोस," म्हणाला होता.

शहराला पाणी देणाऱ्या मोठ्या तलावावर भाऊ पाणबुड्या होता. तळाच्या दरवाज्याच्या चौकटीला चीर गेली, जाळीत ओंडका अडकला, की त्याला खाली उतरवायचे. सगळे त्याला बेडूक म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक काठावर कुणीतरी धरून बसावं लागे. वर्षानुवर्षं ते काम काका करत. काका सख्खे नव्हते, पण तलावावर सगळ्यांचेच काका होते. त्यांच्या गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला तेव्हा ते घरी बसले आणि दोर ताईकडे आला.

आला म्हणजे सुखासुखी नाही आला. हल्ली दोर धरणाऱ्यालाही लेखी परीक्षा द्यावी लागते. हवा किती, खर्च किती, किती वेळ माणूस खाली ठेवायचा, हे अंदाजानं ठरवायचं नाही, कागदावर सोडवून ठरवायचं, असा कचेरीचा नियम झाला होता. त्यासाठी पंपघराच्या वरच्या खोलीत एक मास्तर यायचे. खालच्या यंत्रांनी जमीन सतत थरथरत असायची, बाकांवरच्या पेन्सिली आपोआप घरंगळायच्या आणि मास्तर शाब्दिक उदाहरणं घालायचे.

"हे बघा," मास्तर म्हणायचे, "समीकरणाला एक उत्तर असतं. असमानतेला उत्तरांचं अख्खं बिऱ्हाड असतं. ते बिऱ्हाड कुठून कुठपर्यंत पसरलंय, ते सांगायचं म्हणजे अंतराल लिहायचा. चौकोनी कंस असेल तर उंबरठ्यावर पाय ठेवायला हरकत नाही. गोल कंस असेल तर उंबरठ्याला शिवायचंसुद्धा नाही, अलीकडेच थांबायचं. कळलं?"

ताईला कळायचं. पहिल्या खेपेला मात्र ती नापास झाली. लिफ्टचं उदाहरण होतं. ऋण संख्येनं भागलं की चिन्ह उलटं करायचं असतं, ते ती विसरली आणि जास्तीत जास्त आठ माणसांच्या जागी निदान आठ माणसं असं उत्तर आलं. मास्तरांनी समास सोडून त्याखाली लिहिलं होतं, 'मग नवव्या, दहाव्या आणि शंभराव्या माणसालाही बोलवा.' भावानं तो कागद आरशात खोचून ठेवला होता. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. तेव्हापासून चिन्ह उलटं करताना ती हटकून थांबायची आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायची.

आणि मास्तरांचं आणखी एक पालुपद होतं. "आधी क्ष म्हणजे काय ते शब्दांत लिहा. कुणाकडचा, कोण, हे विचारल्याशिवाय पाहुण्याला घरात घेता का? मग क्षला कसं घेता?"

वर्गात ताई ते दर वेळी लिहायची. तलावाच्या काठावर मात्र वारं असतं, खडू ओला असतो आणि पाटी वीतभरच असते.

दोर हातात येऊन तीन आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत तिनं नुसत्या पाहणीच्या बुड्या सांभाळल्या होत्या. भाऊ खाली जाई, फिरून बघे, वर येऊन सांगे. आणि एवढ्यातच तिनं त्याला तीनदा उगाच वर ओढलं होतं. एकदा बुडबुडे दिसेनासे झाले म्हणून. तो नुसता कठड्याच्या सावलीत गेला होता. एकदा दोर सैल पडला म्हणून. तिसऱ्यांदा तर कशासाठी, हे तिलाही नीट सांगता आलं नव्हतं. पोटात गोळा आला, एवढंच. त्या दिवशी तलावावरच्या कामाचे मुकादम फारसे रागावले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच लागलं. "पोरी," ते म्हणाले होते, "एक बुडी मोडली की अर्धा दिवस जातो. भीती वाटणं चांगलं, पण तिला दोर धरायला देऊ नये. आता पुन्हा उगाच ओढलंस तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

ते बोलणं तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

आजचं काम लेपाचं होतं. ताईच्या हातचं पहिलंच. तळाच्या दरवाज्याशेजारी चौकटीला चीर पडली होती. तिच्यावरचं शेवाळ आणि गंज जोर लावून खरवडायचा, मग पाण्यात घट्ट होणारा लेप लावलेली लोखंडी पट्टी चिरेवर बसवायची आणि लेप धरेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून ठेवायची. बारा मिनिटांच्या आत पट्टी सोडली तर ती निखळते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. शिवाय आज पहिल्यांदाच नवं मोठं सिलिंडर वापरायचं होतं. जुन्याचे आकडे सगळ्यांना पाठ होते, नव्याचे कुणालाच नव्हते.

ताईनं सकाळीच स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून उदाहरण मांडलं होतं. भरलेल्या सिलिंडरचा काटा दोनशेवर. खाली जाताना काटा सातनं उतरतो, वर येताना आणखी सातनं. खरवडताना मिनिटाला पाच जातात, नुसतं दाबून धरताना तीन. वर आल्यावर काटा निदान पन्नासवर असलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पाहणीच्या बुड्यांना ती तळावरची एकूण मिनिटं काढायची, म्हणून सवयीनं आजही तिनं क्ष तोच धरला. त्यातली बारा मिनिटं धरण्याची, उरलेली खरवडण्याची. कंस सोडवले, पदं एका बाजूला आणली, शेवटी ऋण पाच क्ष हे ऋण एकशेसाठपेक्षा मोठं किंवा तेवढंच, असं उरलं. इथे ती थांबली. देवाचं नाव घेतलं, भागलं, चिन्ह उलटं केलं. क्ष बत्तीस किंवा त्याहून कमी. खालचं टोक सोपं होतं. खरवडायला निदान दहा मिनिटं लागतातच, अधिक धरायची बारा, म्हणजे बावीस. मग बत्तीस घालून पाहिलं, काटा बरोबर पन्नासवर आला. तेहतीस घालून पाहिलं, पंचेचाळीस आला. उदाहरण तीन वेळा सोडवलं आणि तिन्ही वेळा तेच आलं.

काठावर आल्यावर तिनं पाटी पुसली, वाऱ्याकडे पाठ केली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: [२२, ३२]. पाटी कठड्याला अडकवली. मुकादमांनी ती बघितली, मान डोलावली आणि ते लेपाच्या डब्याकडे वळले, कारण एकदा डबा उघडला की घाई असते.

भाऊ शिडीच्या तोंडाशी उभा राहून पट्टे आवळत होता. त्यानं पाटीकडे बघून शीळ घातली.

"बत्तीस? आज काय, सणासुदीची उदारता?"

"सिलिंडर मोठं आहे," ताई म्हणाली. "तीनदा सोडवलंय."

"तुझं तीनदा म्हणजे सहादा असणार. बरं झालं. काका मला अकराच्या वर एक मिनिट द्यायचे नाहीत, कंजूष. आज बघ, खरवडून खरवडून आरसा करतो त्या चौकटीचा. मासे भांग पाडायला येतील."

"चेष्टा पुरे. काटा बघत राहा."

"खरवडायला लागलं की खाली काही दिसतं का? नाकासमोर हात धरला तरी कुणाचा ते कळत नाही. तू आहेस ना वर." त्यानं तोंडातली नळी बसवली, पुन्हा काढली. "आणि ताई, आज ओढू नकोस हं. मुकादम दात ओठ खाऊन बसलेत."

"मी ऐकतोय," मुकादम डब्यातून डोकं वर न काढता म्हणाले.

भाऊ पाण्यात गेला.

खाली गेल्यावर बोलणं काय ते दोरावरच. काकांनी घातलेली पद्धत होती आणि दोघांना ती पाठ होती. एक हिसका म्हणजे सगळं ठीक. वरून दर पाच मिनिटांनी एक द्यायचा, खालून एक परत यायला हवा. वरून दोन म्हणजे पाटीवरची वेळ संपली. खालून तीन म्हणजे पट्टी बसवली, आता धरून आहे. आणि वरून चार म्हणजे असेल ते टाक आणि वर ये; कळलं की खालूनही चारच द्यायचे.

खालून एक हिसका आला. तळ गाठला. ताईनं घड्याळ लावलं.

दगडी कट्ट्यावर ती बसली, दोर उजव्या तळव्यातून नेऊन डाव्या हातावर घेतला. ताणही नको आणि झोलही नको. तलावावर ढगाळ उजेड होता. पाणी करड्या रंगाचं, त्यावर बारीक बारीक चुण्या. शिडीपासून थोड्या अंतरावर बुडबुडे वर यायला लागले, मोठे, भराभर, एकामागून एक. मग त्यांच्या आजूबाजूला हिरवट गढूळ ढग पसरत वर आला. खरवडणं सुरू झालं होतं. दोरातून तिला ते जाणवतही होतं, कुणी दुसऱ्या खोलीत घाईघाईनं भांडी घासावीत तसं.

पाच मिनिटांनी तिनं एक हिसका दिला. एक परत आला.

दहा मिनिटांनी दिला. परत आला.

मुकादम शेजारी येऊन बसले. त्यांनी चहाचा पेला पुढे केला. तिनं मान हलवली.

"तुझा तो नेम का?"

"हो."

"पाळ बाई. मीच तुझ्या वाटचा पितो." त्यांनी तो पेलाही संपवला. "कसं चाललंय?"

"खरवडतोय अजून."

"खरवडू दे. काम जोरात दिसतंय."

पंधराव्या मिनिटाचा हिसका. परत आला, पण तो घाईचा होता, कामाच्या मधूनच हात काढून दिल्यासारखा. ताईनं स्वतःला समजावलं. चीर मोठी असेल. गंज जुना असेल. वीसपर्यंत खरवडलं तरी चालतं, तेही उत्तरात आहे. वीस आणि बारा, बत्तीस. टोकावर पाय ठेवायला हरकत नाही. आता कुठल्याही क्षणी तीन हिसके येतील, बुडबुडे मंदावतील, गढूळ ढग खाली बसेल.

तीन हिसके आले नाहीत.

अठरा. एकोणीस. तिची नजर घड्याळावरून बुडबुड्यांकडे आणि बुडबुड्यांवरून घड्याळाकडे अशी फिरत होती.  बुडबुडे तसेच मोठे होते, तसेच भराभर येत होते. दोरात तोच घासल्याचा थरथराट होता. वीस झाली. तिनं हिसका दिला. एक परत आला. अगदी निवांत, खुशीतला.

आता थांब, तिनं मनाला सांगितलं. लगेच ओढू नकोस. तीनदा हेच केलंस. तीनदा पोटात गोळा आला आणि तीनदा काही नव्हतं.

पण या वेळी गोळा पोटात नव्हता. या वेळी आकड्यात काहीतरी चुकत होतं. वीसच्या पुढे खरवडणं उत्तरात बसत नाही, हे भावाला माहीत असायला हवं. पाटी त्यानं वाचली होती. तिच्यासमोर वाचली होती. बत्तीस बघून त्यानं शीळ घातली होती. आणि मग काय म्हणाला? काका अकराच्या वर द्यायचे नाहीत. खरवडून आरसा करतो.

अकरा. जुन्या सिलिंडरला लेपाचं काम अकरा मिनिटांत? धरायलाच बारा लागतात.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. 

"मुकादम," तिनं विचारलं आणि आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं, "लेपाच्या कामाला काका पाटीवर काय लिहायचे?"

"काय म्हणजे? खरवडायची वेळ."

"एकूण वेळ नाही?"

"ती कशाला? धरायची बारा तर ठरलेलीच असतात, ती काय लिहायची. खरवडायचं किती तेवढंच पाणबुड्याच्या हातात असतं. पाटीवरची वेळ संपली की काका दोन द्यायचे, हा खालून तीन द्यायचा आणि मग बारा मोजायची. का गं?"

ताईनं पाटीकडे पाहिलं. दोन चौकोनी कंस, दोन आकडे आणि एक स्वल्पविराम. कुणाची मिनिटं, कशाची मिनिटं, एक अक्षर नाही. तिच्या लेखी ती तळावरची सगळी मिनिटं होती. त्याच्या लेखी खरवडण्याची. तो बत्तीस मिनिटं खरवडणार. मग ती दोन हिसके देणार, तिच्या मनात त्याचा अर्थ काम संपलं, निघ. आणि तो त्याच दोन हिसक्यांवर पट्टी उचलून चिरेवर ठेवणार आणि दोन्ही हातांनी दाबून बारा मिनिटं बसणार. गढूळ पाण्यात, काटा न बघता.

खडू तिच्या खिशात होता. पाटी काढायला वेळ नव्हता. तिनं कट्ट्यावरच लिहिलं. दोनशेतून उतरायचे सात. बत्तीस मिनिटांचे पाच पाच म्हणजे एकशेसाठ. उरले तेहतीस. तेहतीसला तीननं भागलं, अकरा. अकराव्या मिनिटाला हवा संपते आणि लेप धरायला बारा लागतात. वर यायचे सात आहेत कुठे?

"काय लिहितेस?" मुकादम वाकले.

तिचा खडू चालूच राहिला. अजून बत्तीस झाली नव्हती. आत्ता बावीस व्हायला आली होती. आत्ता त्याला थांबवून, आत्ताच पट्टी बसवायला लावता येईल का? तसा हिसका आहे, दोन दिले की झालं. काम वाचेल, बुडी मोडणार नाही, कुणी काही म्हणणार नाही. तिनं ते उदाहरण मांडलं. दोनशे, वजा चौदा, वजा बावीस पंचे एकशेदहा. उरले शहात्तर. धरण्याची मिनिटं क्ष. या वेळी तिनं खडू मोडला तरी ते शब्दांत लिहिलं, धरण्याची मिनिटं. शहात्तर वजा तीन क्ष, पन्नास किंवा जास्त. ऋण तीन क्ष, ऋण सव्वीस किंवा जास्त. थांब. देवा. चिन्ह उलटं. क्ष पावणेनऊच्याही आत. आणि लेपाला हवी निदान बारा. बारा किंवा जास्त, आणि नऊपेक्षा कमी. संख्यारेषेवर एक बाण इकडे जात होता, एक तिकडे, आणि दोघांची कुठे गाठच पडत नव्हती.

मास्तर म्हणायचे, रिकामं उत्तर हेही उत्तर असतं, घाबरू नका, तसं लिहा.

तिनं दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि सलग चार हिसके दिले.

"अगं," मुकादम उठले, "अजून बत्तीस कुठे झाली? ताई, मी काय सांगितलं होतं?"

खालून एक हिसका आला. सगळं ठीक.

पाच मिनिटांचा हिसका समजला तो. नाहीतर कळूनही कानामागे टाकत होता, आज ओढू नकोस म्हणाला होताच. ताईनं पुन्हा चार दिले, मोजून, मध्ये श्वासही न घेता. दोरातली थरथर थांबली. मग काहीच नाही. ना एक, ना चार. बुडबुडे येत होते, जागच्या जागी. चोवीस होत आली होती. प्रत्येक सेकंदाला काटा खाली सरकत होता आणि तो ती बघू शकत नव्हती.

"तो येत नाहीये," ती म्हणाली.

"कशाला येईल? काम चालू आहे त्याचं."

"मुकादम, पाटी चुकलीये. माझी पाटी चुकलीये. ओढा."

मुकादमांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे. त्यांनी तिच्या मागून दोर धरला आणि दोघांनी मिळून चार दणदणीत हिसके दिले.

खालून चार आले.

बुडबुडे हलले आणि शिडीकडे सरकायला लागले. ताई त्यांच्याबरोबर दोर गुंडाळत राहिली. घाई करायची नाही, हे तिला माहीत होतं. वर यायचंही हळूहळूच असतं.  डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हासुद्धा तिचा जीव भांड्यात पडला नाही. तो नळी तोंडातून काढून बोलेपर्यंत तिला विश्वासच वाटला नाही.

"काय झालं?" भाऊ धापा टाकत शिडीला लोंबकळला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "घरी काही झालं का? आईला काही झालं?"

"आई ठीक आहे."

"मग?" पांढरा चेहरा हळूहळू लाल झाला. "मग चारचार वेळा कशाला? मी म्हटलं आईच गेली. हातातलं सगळं टाकून आलो. अर्धी चौकट खरवडून झाली होती."

मुकादमांनी त्याच्या खांद्याजवळचा काटा उचलून पाहिला. "सहासष्ट," ते म्हणाले. मग दोघा भावंडांकडे न बघता काटा परत लटकवला. "पन्नासच्या वर सोळा. चांगली भरपूर हवा आहे की."

 पाणी त्याच्या अंगावरून कट्ट्यावर ओघळत होतं, खडूच्या आकड्यांकडे सरकत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर ते पुसूनही टाकलं असतं. सहासष्ट हा चांगला आकडा होता. आज पुन्हा घाबरले, म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. बोलणी बसली असती, दोर गेला असता, पण निदान आपली पाटी चुकली होती हे कुणाला नीटसं कळलं नसतं. मुकादमांनी मघाशी ऐकलेलं घाबरटाचं बडबडणं म्हणून सोडून दिलं असतं. ताईला हे सगळं एका क्षणात दिसलं आणि ते दिसल्याचीच तिला लाज वाटली.

"किती वेळ खरवडणार होतास?" तिनं भावाला विचारलं.

"बत्तीसपर्यंत. पाटीवर लिहिलंयस की. म्हटलं देतेच आहे एवढं तर पुरेपूर घेऊ."

"आणि मग?"

"मग काय, पट्टी. बारा मिनिटं."

मुकादमांचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. ते कट्ट्यावर वाकले. ओघळ तेहतीसपर्यंत आला होता. त्यांनी बोटानं तो अडवला आणि आकडे वाचले, एकदा वरून खाली, मग खालून वर. मग ते त्या ओल्या कट्ट्यावरच बसले, विजार भिजली तरी.

"अकराव्याला संपली असती," ते म्हणाले.

"काय संपली असती?" भाऊ म्हणाला.

"बत्तीस म्हणजे सगळं मिळून लिहिलं होतं मी," ताई म्हणाली. "खरवडणं आणि धरणं, दोन्ही. खरवडायला तुला वीसच होती. उदाहरण बरोबर होतं, क्ष कशाचा ते पाटीवर लिहिलं नाही. तू वाचलंस तेच कुणीही वाचलं असतं. चूक माझी आहे, तुझी नाही."

 भाऊ शिडीवरून वर आला, कट्ट्यावर बसला, सिलिंडरचे पट्टे सोडायला गेला आणि बकल त्याच्या बोटांना सापडेना. ताईनं पुढे होऊन ते सोडवलं.

"मी पण पाटी बघून मान डोलावली," मुकादम म्हणाले. "मला काकांचीच पाटी दिसली. डोळे आपल्याला हवं तेच वाचतात." ते उठले. "पण ताई, आज दोर मी धरतो. तुझे हात बघ."

तिनं हात बघितले. तिनं वाद घातला नाही.

चीर खरवडून उघडी पडली होती. काम टाकून चालणार नव्हतं. भाऊ तासभर अंगाभोवती कांबळं गुंडाळून बसला, गरम काहीतरी प्यायला, गप्प राहिला. त्याला इतकं गप्प ताईनं लहानपणी तापातच पाहिलं होतं. दुसरं भरलेलं सिलिंडर आणि ताज्या लेपाची नवी पट्टी आली. मुकादमांनी पाटी तिच्या हातात दिली. "दोर माझा, हिशोब तुझा," ते म्हणाले.

तिनं तो सोडवला. निदान दहा मिनिटांचं खरवडणं आधीच झालेलं होतं, त्यामुळे खालचं टोक शून्यावर आलं होतं. वरचं टोक वीस. पाटीवर जेवढे शब्द मावले तेवढे तिनं लिहिले, पण तेवढ्यानं तिचं समाधान होईना. तिनं पाटी भावाला वाचायला दिली, मग परत घेऊन उलटी छातीशी धरली.

"वाचून झालं ना? आता न बघता सांग. काय करणार आहेस?"

"परीक्षा घेतेस?"

"सांग."

"खरवडणार. जास्तीत जास्त वीस मिनिटं. वीस झाली की मुकादम दोन देतील. मग पट्टी, मी तीन देणार. मग बारा मिनिटं धरणार. मग वर."

"एकवीस मिनिटं खरवडलं तर?"

"एकवीस नाही," भाऊ म्हणाला. नेहमीसारखा तो हसला नाही.

मुकादमांनी दोर हातावर घेतला, दोन वेढे जास्तच घेतले आणि ताईनं ते सैल करून दिले. भाऊ शिडीच्या पहिल्या पायरीवर उतरला, मग दुसऱ्या. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तो थांबला.

"ताई, चिडलीयेस?"

"नाही रे. भ्यायलेय."

त्यानं मान हलवली. नळी तोंडाशी नेली आणि तिथेच धरली.

"मी पण," तो म्हणाला आणि पाण्यात गेला.